शेतातले शेजारी : मांडुळाला तोंड एकच



या खेपेस टिटवीविषयी लिहायचे ठरवले होते. पण मध्येच एका शेतकरी भावाचे पत्र आले. ते वाचल्यावर टिटवीला जरा थांबवून आधी या पत्राला उत्तर द्यावे असे वाटले. नाव-गाव छापू नका, अशी त्यांची विनंती आहे. ती मी पाळतो. मात्र त्यांच्या घरात जे चालले आहे ते उद्या तुमच्या-आमच्या घरातही घडू शकते, म्हणून पत्रातली हकिगत सगळ्यांना सांगतो.

त्यांच्या रानात उन्हाळी भुईमूग काढणे चालू होते. मऊ झालेल्या मातीत वेल उपटता उपटता एक मांडूळ वर आले. मनगटाएवढे जाड, दोन-अडीच हात लांब, तांबूस अंगाचे. गड्याने फावडे उगारले, पण यांनी त्याला अडवले. हाताने उचलून मांडूळ पाटीत घातले आणि घरी आणून रांजणात माती टाकून ठेवले. इथपर्यंत गोष्ट साधीच आहे. पण दुसऱ्या दिवशी मेव्हण्याच्या ओळखीची दोन माणसे मोटारसायकलवर आली. त्यांनी रांजणात डोकावून पाहिले, मोबाइलवर फोटो काढले आणि म्हणाली, "अडीच किलोच्या वर भरलं तर पाच लाख. कमी भरलं तरी दोन लाख कुठं गेले नाहीत. पण आधी तपासणीची फी म्हणून पंधरा हजार तुम्ही भरा."

झाले. घराची दोन घरे झाली. सोसायटीचे कर्ज थकलेले, मुलीच्या कॉलेजची फी तोंडावर आलेली. घरधनीण म्हणते, देव देतोय तर नाही का म्हणा? आणि म्हातारी आई म्हणते, "जड अंगाचं दिसतंय ते. मुकं जनावर कोंडून कुणाचं भलं झालंय? जिथनं आणलं तिथं सोडून ये."

भावाने तीन प्रश्न विचारले आहेत. मांडुळाला दोन तोंडे असतात हे खरे का? त्याला एवढी किंमत येते हे खरे का? आणि आता मी करू काय? एकेक प्रश्न घेऊ.

दोन तोंडांची गोष्ट

मांडुळाला तोंड एकच. दुसऱ्या बाजूला आहे ती शेपटी. इतर सापांची शेपटी निमुळती होत जाते, तशी याची होत नाही. ती जाड आणि बोथट असते, कोणी कोयत्याने तोडून टाकल्यासारखी. डोकेही मानेपेक्षा रुंद नसते आणि डोळे अगदी बारीक. त्यामुळे मातीत निपचित पडलेल्या मांडुळाचे डोके कुठले आणि शेपूट कुठले, हे चटकन कळत नाही. त्यावरूनच त्याला दुतोंड्या हे नाव पडले. ओळखायची खूण सोपी आहे. ज्या टोकाकडून जीभ लवलवते ते तोंड. दुसऱ्या टोकाकडून जीभ कधीच बाहेर येत नाही. सहा महिने एकीकडून आणि सहा महिने दुसरीकडून चालते म्हणतात, त्यातही तथ्य नाही. मांडूळ तोंडाच्या दिशेनेच चालते.

मग ही अशी शेपटी त्याला कशाला? मांडूळ धावण्यात मंद, विष नाही, चावण्याची खोडही नाही. मुंगूस, कुत्रे किंवा घार आली तर त्याने करावे काय? तर ते अंगाचे वेटोळे करते, डोके वेटोळ्याखाली दडवते आणि शेपटी जरा वर उचलून हलवते. शत्रूला वाटते हेच डोके. वार शेपटीवर बसतो आणि डोके वाचते.

पूर्वी काही गारुडी मांडुळाच्या शेपटीवर तापल्या लोखंडाने डाग देऊन डोळे आणि तोंड काढीत. गावोगावच्या बाजारात लोकांनी पाहिले ते हे दुसरे तोंड. ती देवाची करणी नव्हती, मुक्या जनावराची जखम होती. मांडूळ अंगाला चाटले तर कोड किंवा महारोग होतो, ही समजूतही अशीच निराधार. महारोग जंतूंमुळे होतो, कोडाची कारणे शरीराच्या आतली असतात. मांडुळाचा दोन्हींशी काडीचा संबंध नाही.

अजगराचा भाऊबंद

मांडूळ हे अजगराच्या भाऊबंदांपैकी. अजगर वाढून पंधरा फुटांच्या वरही जातो. मांडूळ मात्र दोन-तीन फुटांवर थांबते. पण रीत तीच. विष नाही. भक्ष्य तोंडात धरायचे, भोवती विळखे घालून आवळायचे आणि मग डोक्याकडून गिळायचे. दोघांच्याही शेपटीच्या मुळाशी, खालच्या अंगाला, दोन्ही बाजूंना नखासारखी बारीक टोके असतात. नरामध्ये ती जास्त ठळक. ही म्हणजे मागच्या पायांची राहिलेली खूण. फार फार पूर्वी सापांच्या पूर्वजांना पाय होते, त्याची ही साक्ष.

एका बाबतीत मात्र दोघे वेगळे. अजगराची मादी अंडी घालते आणि त्यांच्याभोवती वेटोळे करून ती राखीत बसते. मांडुळाची मादी अंडी बाहेर घालत नाही. ती पोटात वाढवते आणि जिवंत पिल्ले देते. एका खेपेस साधारण सहा ते आठ, कधी त्याहून जास्त. हा काळ येतो उन्हाळा सरताना आणि पावसाळ्याच्या तोंडाला. भुईमूग काढणीच्या दिवसांत सापडलेले जाडजूड मांडूळ गाभण मादी असण्याचा संभव चांगलाच असतो. तेव्हा भाऊ, तुमच्या आईंनी जड अंगाचे म्हटले, ते पुस्तक न वाचता नेमके सांगितले. पिल्ले वीतभर लांबीची असतात आणि त्यांच्या शेपटीवर काळपट पट्टे असतात. वाढ होते तसे पट्टे पुसट होतात. या वयात लोक त्यांना विषारी समजून ठेचतात.

मांडूळ दिवसा क्वचितच दिसते. भुसभुशीत जमीन, वाळूसर माती, काळ्या रानाच्या भेगा, बांधाच्या कडेची उंदरांची बिळे, ही त्याची घरे. त्याचे नाक पाचरीसारखे चापट असते. त्या नाकाने ते माती बाजूला सारीत पुढे सरकते. अंगावरचे खवले बारीक आणि गुळगुळीत, त्यामुळे माती चिकटत नाही. रात्र पडली की ते बाहेर निघते किंवा नुसते नाक वर ठेवून मातीत दबा धरून बसते.

आणि खाते काय? मुख्यतः उंदीर, घुशींची पिल्ले, असेच मिळतील ते लहान प्राणी. आपल्याकडे म्हण आहे, आयत्या बिळावर नागोबा. मांडूळही बिळ आयतेच घेते, पण भाडे भरून. ते भाडे म्हणजे बिळातले उंदीर. मांजर उंदराची वाट पाहत बिळाच्या तोंडाशी बसते. घुबड वरून झडप घालते. पण बिळाच्या आत, जिथे उंदरीण पिल्ले घालते तिथे ना मांजर पोचते ना घुबड. मांडूळ पोचते. उंदरीण तीन आठवड्यांत विते, आणि एका वेळेस सहा-सात पिल्ले सहज होतात. दीड-दोन महिन्यांत तीही विण्याजोगी होतात. असे एक बिळ पिल्लांसकट रिकामे झाले म्हणजे काय वाचले, याचा हिशेब शेंगा आणि ज्वारीच्या कणसांच्या भाषेत तुम्हीच करा.

एक मांडूळ रानातले सगळे उंदीर संपवील असे मी म्हणणार नाही. एकदा पोटभर खाल्ले की ते आठ-आठ दिवस काही न खाता राहू शकते. पण रानात मांडूळ, धामण, घुबड, मुंगूस, रानमांजर अशी पाच-सहा मंडळी नांदत असली तर उंदरांना मोकळे रान मिळत नाही. उंदरांच्या विषारी गोळ्यांनी कोंबड्या मरतात, कुत्री मरतात, लेकरांनाही धोका असतो. या शेजाऱ्यांचे तसे काही नाही. त्यांना मजुरी नको, चारा नको. नुसते राहू द्या, एवढेच मागणे.

लाखांची बोली

आता दुसरा प्रश्न. मांडुळावरून पैशाचा पाऊस पडतो, जमिनीतले गुप्तधन दिसते, परदेशात त्यापासून मोठमोठ्या आजारांवर औषध होते, अशा अनेक वावड्या आहेत. हल्ली त्या मोबाइलवरच्या व्हिडिओंतून घरोघर पोचतात. यांतली एकही गोष्ट खरी ठरलेली नाही. मांडुळात कसलीही जादू नाही आणि त्याच्यापासून कुठले सिद्ध झालेले औषधही बनत नाही. ज्याच्या अंगी पैसा पाडण्याची विद्या आहे, तो तुमच्याकडे पंधरा हजार कशाला मागेल? एवढा एक प्रश्न स्वतःला विचारावा.

वजनाच्या अटीतली मेखही समजून घ्या. अडीच किलोचे मांडूळ शेतात सापडणे फारच दुर्मीळ. हे त्या माणसांना पक्के ठाऊक असते. म्हणूनच अट तेवढी घालतात. वजन कमी भरले की बोली उतरते, तपासणी निघते, तपासणीची फी निघते, मग गाडीभाडे, मग साहेबांचा खर्च. लाख रुपये नेहमी उद्या मिळायचे असतात आणि हजार रुपये आज द्यायचे असतात. वजन वाढावे म्हणून मांडुळाला जबरदस्तीने कोंबून खाऊ घालण्याचे प्रकारही होतात. त्यात ते मरते. कधी पैसे घेणाराच दोन दिवसांनी पोलिसांचे सोंग आणून धाक घालतो. आपण गुन्ह्यात सामील झालेलो, तेव्हा फिर्याद करायलाही तोंड राहत नाही.

गुन्हा म्हणालो, तो शब्द जपूनच वापरला आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून लागू आहे आणि मांडुळाला त्याचे संरक्षण आहे. ते पकडणे, घरात ठेवणे, विकणे, विकत घेणे, नेणे-आणणे सगळेच गुन्हे. शिक्षा तुरुंगाची आणि दंडाचीही. शिवाय गुप्तधनाच्या आणि चमत्काराच्या नावाने लोकांना फसवणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. वाइल्डलाइफ कॉन्झर्वेशन सोसायटी–इंडिया या संस्थेने २०१६ ते २०२१ या काळात देशभरात मांडूळ पकडले गेल्याच्या घटना गोळा केल्या. त्या भरल्या १७२. त्यांतल्या ५९ एकट्या महाराष्ट्रातल्या, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. या घटनांमागे कोणी श्रीमंत झाला असेल-नसेल, पण किती घरांनी कोर्टाचे उंबरे झिजवले असतील, याचा विचार करा. दलाल शहरात निघून जातो. रांजण मात्र आपल्या ओसरीवर सापडतो.

न विचारलेला प्रश्न

भाऊ, तुम्ही तीन प्रश्न विचारलेत. चौथा मी विचारतो. तुम्ही हाताने उचललेत ते मांडूळच होते कशावरून? तुमचे नशीब की ते मांडूळच निघाले. पण रागावू नका, ही गोष्ट सगळ्यांच्या जिवाची आहे.

मांडुळाचा एक चुलतभाऊ आपल्या रानात राहतो. त्याचे नाव डुरक्या घोणस. हाही बिनविषारी, हाही मातीत राहणारा, उंदीर खाणारा. लांबी दीड-दोन फूट, शेपटी आखूड आणि खरखरीत, अंगावर वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले तपकिरी ठिपके. स्वभावाने मांडुळापेक्षा जरा तापट, डिवचले तर चावतो. पण त्या चावण्याने नुसते खरचटते. नावात घोणस आहे ते केवळ रूपामुळे. खरी घोणस वेगळी, आणि ती आपल्या देशातल्या सर्वांत घातक विषारी सापांपैकी एक.

खऱ्या घोणशीचे डोके मोठे, तिकोनी आणि मानेपासून वेगळे दिसते. पाठीवर गर्द तपकिरी, काठ असलेल्या गोल-लांबट ठिपक्यांच्या तीन ओळी साखळीसारख्या जातात. चिडली की कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फूत्कार टाकते. गंमत अशी की, इंग्रजीत घोणशीला ज्या पॅट्रिक रसेलचे नाव आहे, त्यानेच १८०१ मध्ये मांडुळाची शास्त्रीय नोंद केली. एकाच माणसाने दोघांना पाहिले आणि वेगवेगळे ओळखले. पण आपण संध्याकाळच्या अंधारात, गवतात, घाईत पाहतो. तेव्हा डुरक्या समजून घोणस उचलली जाते. घोणशीच्या पिल्लाला अजगराचे पिल्लू समजून लोक हातात घेतात. लक्षात ठेवा, अजगराचे पिल्लू अंड्यातून निघते तेच दीड-दोन फुटांचे असते. वीतभर लांबीचे, ठिपक्यांचे पिल्लू बहुधा अजगराचे नव्हेच. आणि घोणशीचे पिल्लू जन्मतःच विषारी असते.

आपल्या देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने दरसाल सरासरी ५८,००० माणसे गेली, असा अभ्यासकांचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतली बहुतेक खेड्यांतली, शेतात राबणारी. म्हणून वर सांगितलेल्या खुणा ज्ञानासाठी आहेत, जवळ जाऊन पडताळण्यासाठी नाहीत. नियम एकच ठेवा. साप कोणताही असो, हात लावायचा नाही.

आणि दंश झालाच, तर मांत्रिक नको, चिरा नको, तोंडाने चोखणे नको, करकचून दोरी बांधणे नको. माणसाला धीर द्या, झोपवा, चावलेला हात-पाय फळी बांधून स्थिर ठेवा. सूज येते म्हणून बांगड्या, अंगठी, जोडवी, पैंजण लगेच काढा आणि थेट सरकारी दवाखान्यात न्या. १०८ ला फोन करून गाडी बोलवता येते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालणारे प्रतिविषाचे इंजेक्शन हाच उपाय. साप मारून नेण्यात वेळ घालवू नका.

आता काय करावे

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आता तुम्हाला कळलेच असेल. त्या दोघांचा फोन आला तर सांगा, जनावर आमच्याकडे राहिलेले नाही. फीचा एक रुपयाही देऊ नका. रांजण सावलीत ठेवा, तोंडाला पातळ कापड बांधा म्हणजे हवा राहील. पोरांना आणि कुत्र्याला दूर ठेवा. दूध पाजण्याच्या फंदात पडू नका, दूध हे सापाचे अन्न नव्हे. आजच वनरक्षकाला कळवा. ओळख नसेल तर पोलीस पाटलांच्या मार्फत निरोप द्या. आपण होऊन कळवलेले केव्हाही बरे. ते आले म्हणजे सांगा, की जिथे सापडले त्याच बांधाशी सोडा. लांबच्या डोंगरात सोडलेल्या सापाला तिथली बिळे ठाऊक नसतात.

इतरांसाठी चार गोष्टी. भुईमूग, हळद, रताळी काढताना हात घालण्याआधी माती खुरप्याने किंवा काठीने हलवून घ्यावी. साप दिसला तर त्या वाफ्यात तासभर काम थांबवून दुसऱ्या टोकाला जावे, तो आपोआप निघून जातो. उसाचे पाचट पेटवू नये. त्यात जमिनीचा कस जळतो आणि हे शेजारीही जळतात. गोठ्यात, कडब्याच्या गंजीपाशी, रात्री परसदारी जाताना बॅटरी घेतल्याशिवाय पाऊल टाकू नये. आणि सांडलेले धान्य उचलत जावे, म्हणजे उंदीर कमी येतील. उंदीर कमी तर त्यांच्या मागे घरात येणारे सापही कमी.

नागपंचमीला आपण नांगर धरत नाही, जमीन खणत नाही, माऊल्या विळी-सुरीला हात लावीत नाहीत. जमिनीखालीही कुणी लेकुरवाळे नांदत असते, याची वर्षातून एकदा ठेवलेली ही आठवण. ती बाकीच्या दिवसांतही थोडी ठेवावी.

भाऊ, कर्जाचे ओझे मला कळते. लेकीच्या फीची काळजीही कळते. पण त्यांवर रांजणातल्या मांडुळाचा उतारा नाही. सोसायटीच्या सचिवांना भेटा, कॉलेजात हप्त्याची आणि शिष्यवृत्तीची चौकशी करा. तो रस्ता लांबचा आहे, पण खरा आहे. मांडुळाला तोंड एकच. दोन तोंडांची माणसे मोटारसायकलवरून येतात. त्यांच्यापासून सांभाळा, आणि आईंना माझा नमस्कार सांगा.

पुढच्या खेपेस टिटवी नक्की.